नवलेखक आणि सीमाभागातील साहित्य संमेलने

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात दर हिवाळ्यात, बहुधा रविवार पाहून, कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी, खानापूर तालुक्यातील माचीगड, निपाणीजवळचे कारदगा अशा गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात, आणि ज्याला लेखक व्हायचे आहे त्याने या गर्दीत दिवस घालवण्यापेक्षा घरी बसून चार पाने लिहावीत, हा आक्षेपही तितक्याच नेमाने घेतला जातो. खंडनापूर्वी प्रतिपक्षाचे जे म्हणणे मांडतात त्याला वादशास्त्रात पूर्वपक्ष म्हणतात. येथे तो दुबळा करून मांडण्याचे कारण नाही, कारण त्यात तथ्य बरेच आहे. ग्रंथदिंडी, म्हणजे पालखीत ग्रंथ ठेवून लेझीम-झांजांच्या गजरात निघणारी मिरवणूक, गावभर फिरून मांडवात पोहोचेपर्यंत ऊन चढते. मग दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक आणि देणगीदारांचे शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतात, त्यानंतर अध्यक्षीय भाषण होते, आणि नवोदितांच्या कविसंमेलनाची पाळी येते तेव्हा जेवणे आटोपून निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात. घडी घातलेला कागद मुठीत धरून सकाळपासून बसलेल्या तरुणाला ‘एकच कविता, वेळ कमी आहे’ असे सूत्रसंचालकाने बजावावे, हे चित्र अपवादात्मक नाही.

पूर्वपक्ष यापुढे जाऊन जे दोन आधार देतो, ते मात्र टिकत नाहीत. पहिला निपाणीचाच आहे : पिठाची गिरणी चालवता चालवता तंबाखू कामगारांचे आणि टॅक्सी-गॅरेजवाल्यांचे जग कथा-कादंबऱ्यांत आणणारे महादेव मोरे लेखक झाले ते व्यासपीठाच्या बळावर नव्हे, असे सांगितले जाते. हे खरे आहे. पण त्यावरून एकांतच लेखक घडवतो हा निष्कर्ष निघत नाही, कारण जिथे गावाची बायामाणसे डबे घेऊन येतात आणि पीठ पडेपर्यंत बोलत थांबतात ती जागा एकांताची नसते. मोऱ्यांना कानावर पडणाऱ्या बोलीचा पुरवठा त्यांच्या धंद्यानेच केला. ज्याच्या धंद्यात ही सोय नाही त्याने ती अन्यत्र शोधली तर त्यात गैर काय? दुसरा आधार महात्मा फुल्यांचा. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने 1878 मध्ये पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली आणि 1885 च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण फुल्यांनी नाकारले. परंतु त्यांचा रोख लेखकांनी एकत्र येण्यावर नव्हता, तर सर्व माणसांचे हक्क मनापासून न मानणाऱ्यांच्या एकत्र येण्यावर होता. वर्गणी काढून गावाने भरवलेल्या आणि शेतकरी जिथे श्रोता म्हणून बसतो त्या मांडवाला तो नकार जसाच्या तसा लावणे म्हणजे फुल्यांचे नाव घेऊन त्यांचा मुद्दा टाकून देणे होय. (गावच्या समितीत जात नसते, असा याचा अर्थ नाही.)

संमेलनाच्या समर्थकांचे म्हणणेही तपासले पाहिजे, कारण ते जे मंडन करतात ते नवलेखकाच्या कामाचे नाही. संमेलनाने भाषा टिकते, सीमाप्रश्न जागा राहतो, हे त्यांचे उत्तर इतिहासाला धरून आहे : ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली 1946 मध्ये बेळगावात भरलेल्या संमेलनानेच ठराव करून संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला बळ दिले, आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा प्रदेश म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेल्यानंतर ठरावांची ती परंपरा गावोगावच्या मांडवांनी चालू ठेवली. ज्या भागात मराठी कार्यक्रमाच्या परवानगीसाठी पोलिस ठाण्याच्या खेपा घालाव्या लागतात तिथे ही जिद्द आदरास पात्र आहेच. तथापि ठरावासाठी हात वर करणाऱ्यांत आणखी एक हात मिळवल्याने कुणाचे गद्य सुधारत नाही.

नवलेखकाला संमेलनात मिळण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती पुण्या-मुंबईच्या अधिवेशनात मिळणार नाही. बेळगावकडची मराठी कन्नडच्या सहवासात घडलेली आहे. तिची ‘करूलालो’सारखी क्रियापदे आणि तिचा हेल महाराष्ट्रातल्या वाचकाला मुख्यतः पु. ल. देशपांड्यांच्या ‘रावसाहेब’ या व्यक्तिचित्रामुळे, म्हणजे विनोदाच्या वाटेने परिचित आहेत. त्यामुळे याच बोलीत एखादी म्हातारी मुलाच्या मरणाविषयी बोलते असा प्रसंग लिहिणाऱ्याला, वाचक इथे हसेल की काय, ही धास्ती असते आणि भीतीपोटी तो म्हातारीच्या तोंडी शाळेतली मराठी घालतो. कडोलीच्या किंवा कारदग्याच्या मांडवात तो परिच्छेद मोठ्याने वाचला तर कोणते वाक्य खोटे पडले हे श्रोत्यांच्या चुळबुळीवरून तत्काळ कळते, कारण ती बोली त्यांच्या घरची असते. ही परीक्षा घरी बसून देता येत नाही. दूरचा संपादक ती घेऊ शकत नाही.

म्हणून नवलेखकाने जावे, परंतु पाहुण्यांबरोबर छायाचित्र काढण्यासाठी नव्हे, तर वाचण्याजोगे एक पान घेऊन, आणि दुसऱ्याचे वाचन होईपर्यंत खुर्ची न सोडण्याच्या तयारीने जावे. आयोजकांनीही नवोदितांचे सत्र दिंडीनंतर लगेच, मांडव भरलेला असताना घ्यावे, त्यात कवितेइतकाच वाव गद्याला द्यावा, आणि कोल्हापूर-पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना भाषणाइतकेच त्या वाचनावर बोलण्याचे बंधन घालावे. सत्कार मागे ढकलल्यास देणगीदार रुसतील, ही अडचण खरी आहे. पण त्यांची नावे प्रवेशद्वाराच्या कमानीवर ठळक अक्षरांत रंगवता येतात, आणि तिथे ती दिवसभर वाचली जातात.