जन्माने कुणी गुन्हेगार नसतो
(विमुक्त दिनानिमित्त जाहीर पत्रक)



31 ऑगस्ट 1952 रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. तो दिवस आम्ही विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण तालुक्यात घरफोडी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी पारध्यांच्या पालांकडे वळते. मध्यरात्री पालात शिरून भांडीकुंडी उधळायची, पोराबाळांदेखत बापाला उचलायचे आणि सकाळी ‘सराईत टोळी जेरबंद’ म्हणून बातमी द्यायची, ही रीत कायद्याबरोबर गेलेली नाही. मग त्याच अटका मोजून सांगितले जाते की या जमातीत गुन्हेगारी जास्त. ज्याच्या दारात रोज झडती, त्याच्याच नावावर नोंदी वाढणार! अशा आकड्यांवरून पोलिसांची नजर कुठे असते ते कळते. जमातीचा स्वभाव त्यातून कळत नाही.

हा शिक्का रक्तातून आला नाही, कागदावर तयार झाला. 1871 मध्ये इंग्रजांनी उत्तर हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि 1911 च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत घेतला. जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर झाली की माणसांची नोंद, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी. परवान्याशिवाय हद्द ओलांडली की शिक्षा. 1897 च्या दुरुस्तीने तर लेकरांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात डांबण्याची मुभा सरकारला मिळाली. सोलापुरात काटेरी तारांच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. तिथली माणसे गिरण्यांत राबायला जात आणि हजेरीला परत येत. त्या भागाला सोलापूरकर आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? नाव बदलले. 1959 मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगार कायदा आला आणि त्याच वर्षी भिक्षाप्रतिबंधक कायदाही आला. त्याआधी 1949 च्या दारूबंदी कायद्याने कंजारभाटांची भट्टी गुन्हा ठरवली होती. 1972 च्या वन्यजीव कायद्याने फासेपारध्याचा फासाच बेकायदा झाला. जंगल वाचले पाहिजे, याबद्दल आमचा वाद नाही. पण फासा काढून घेताना त्या हातांना दुसरे काम कुणी दिले? बंजाऱ्यांची बैलांवरची मीठ-धान्याची वाहतूक रेल्वेने आधीच संपवली होती. पोटाचा धंदा गुन्हा ठरवायचा आणि मग धंदा करणाऱ्याला गुन्हेगार म्हणायचे, हा अन्याय आम्ही का सोसायचा?

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, हे तुमच्या अभ्यासक्रमाच्या बाहेरचे नाही. अमेरिकेत 1896 मध्ये संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन यांनी आकड्यांची चळत रचून काळ्या लोकांची दुरवस्था त्यांच्या वंशातच आहे असे मांडले. त्याच सुमारास समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात राहिले, दारोदार फिरले आणि 1899 मध्ये त्यांचा ग्रंथ आला. गुन्ह्याचे आकडे त्यांनी दडवले नाहीत. त्या आकड्यांच्या शेजारी घरभाडे, मजुरी आणि कातडीच्या रंगामुळे नाकारलेल्या नोकऱ्या मांडल्या. वंशाचा आणि विषमतेचा अभ्यास असा होतो. आपल्याकडे पालावर जाऊन किती जणांनी अशी घरे मोजली?

जात ही निसर्गाने आखलेली रेघ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी कैकाडी समाजाकडे पाहावे. विदर्भातल्या बहुतेक भागात कैकाडी अनुसूचित जातीत, उरलेल्या महाराष्ट्रात तोच कैकाडी विमुक्त जातीत. सख्ख्या नात्यातल्या दोन घरांमध्ये जिल्ह्याची हद्द आली की हक्क वेगळे. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त, कर्नाटकात अनुसूचित जात, तेलंगणात अनुसूचित जमात. माणसे तीच, तांडे तेच.

आणि दाखल्याचे काय? जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांना गावाने कधी गावात टिकू दिले नाही, त्यांच्या पोराने आजोबाच्या पत्त्याचा कागद आणायचा कुठून? सातबारा नाही, घरपट्टी नाही, आजा शाळेत गेलेला नाही. आजोबाची नोंद कुठे सापडलीच तर ती पोलिसांच्या वहीत! मुलगी बारावी पास होते आणि दाखल्यावाचून घरी बसते. अशा मुली आमच्या वस्त्यांवर आहेत, येऊन भेटा.

3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवरची कामवाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्तांना मनमानीने पकडू नये असे पोलिसांना बजावले. विमुक्त-भटक्यांसाठी रेणके आयोग झाला, इदाते आयोग झाला. अहवाल कपाटात आहेत. ते बाहेर काढा. सराईत गुन्हेगार कायदा रद्द करा. 1961 ची अट भटक्यांसाठी शिथिल करून गृहचौकशीवर दाखला द्या. बातमीदारांनी आरोपीच्या नावाआधी जमात छापणे आजपासून बंद करावे.

2027 च्या जनगणनेत जात मोजली जाणार आहे. शिबिरे भरवून, पालापालावर जाऊन मोजणी करा. सुगीच्या, ऊसतोडीच्या हंगामात माणसे जिथे असतील तिथे जा. विमुक्त-भटक्यांना स्वतंत्र रकाना द्या, इतरांत मिसळून टाकू नका. आणि भावांनो, बहिणींनो, प्रगणक येईल तेव्हा लाजू नका, भिऊ नका. जमातीचे नाव, पोटशाखेसह, स्वतःच्या तोंडाने सांगा, त्याने काय लिहिले ते वाचून दाखवायला लावा, आणि चुकले असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.