‘आढळले नाही’ याचा अर्थ

प्रयोगात अपेक्षित ते मिळाले नाही, तर त्याचा अर्थ काय घ्यावा? हा प्रश्न तळोज्यातील आपल्या शालेय प्रयोगशाळेपासून विश्वरचनाशास्त्रापर्यंत सर्वत्र सारखाच आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने १९८० च्या सुमारास कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, प्रोटॉनचा क्षय शोधण्याचा प्रयोग मांडला. काही नोंदी क्षयाच्या असाव्यात, असे त्या गटाला वाटले. परंतु अमेरिका व जपानमधील अधिक मोठ्या शोधयंत्रांना क्षय आढळला नाही. ज्या साध्या महाएकीकरण सिद्धान्ताने प्रोटॉनचे आयुष्य आधीच आकड्यांत सांगितले होते, तो त्यामुळे बाद ठरला.

कृष्णद्रव्याच्या, म्हणजेच डार्क मॅटरच्या, बाबतीत असा निवाडा होत नाही. दीर्घिकांच्या गतीवरून अदृश्य वस्तुमानाचे अनुमान निघते व त्याचा आधार भक्कम आहे. मात्र त्याचे कण अमेरिकेतील ‘लक्स-झेप्लिन’ या दहा टन द्रवरूप झेनॉनच्या शोधयंत्रालाही २०२२ व २०२४ च्या निष्कर्षांत गवसले नाहीत. त्यावर ‘कण आणखी क्षीण असतील’ असे उत्तर दिले जाते. उलट, १९८३ मध्ये मिल्ग्रोम यांनी गतिनियमांतच बदल सुचविला. तो दीर्घिकासमूहांना पुरेसा लागू पडत नाही, हे मात्र त्याचे खंडन मानले जाते. त्याचे समर्थकही कण न सापडणे हाच आपला विजय समजतात. दोन्ही पक्षांची तराजू आपल्याच बाजूला झुकलेली आहे.

२०२४ च्या विश्लेषणात लक्स-झेप्लिनच्या शास्त्रज्ञांनी माहितीत कृत्रिम संकेत मिसळले होते, जेणेकरून आकडे तपासताना मनाचा कल आड येऊ नये. ही दक्षता प्रशंसनीय आहे. परंतु आकड्यांचा अर्थ लावताना अशी दक्षता कोण घेतो? कोणता निष्कर्ष आल्यास आपण आपले मत सोडू, हे प्रयोगापूर्वीच लिहून ठेवावे, असे आमचे मत आहे. एका शून्य निष्कर्षाने कृष्णद्रव्याची कल्पना कोसळत नाही. परंतु कोणत्याच निष्कर्षाने जी कोसळू शकत नाही, तिची परीक्षाही होऊ शकत नाही.

लंबकाच्या प्रयोगात ९.८ हे उत्तर येईना, म्हणून वहीतील नोंदी जुळवून घेण्याची रीत अनेक शाळांत आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगवहीत अपेक्षा आधी लिहावी, आलेली नोंद तशीच ठेवावी आणि गुण त्या प्रामाणिकपणाला मिळावेत.