आवळण्यापूर्वीं जुळवावें

ज्यानें उभा जन्म शब्दांचीं रूपें व धातू घोकवून घेण्यांत घालविला, त्यानें मालमोटारीच्या क्लचविषयीं लिहावें, हें पाहून या सदराच्या कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु गेल्या वैशाखांत एका मिस्त्र्याच्या दुकानीं आम्हांस जो धडा मिळाला, तो घरोघरच्या वडील मंडळींच्या उपयोगीं पडण्यासारखा आहे. म्हणून येथें सांगतों.

आमच्या धाकट्या पुतण्यानें तीन वर्षांपूर्वीं महाविद्यालय सोडलें आणि बँकेचें कर्ज काढून एक जुनी मालमोटार घेतली. त्यावेळीं घरांत जी खळबळ उडाली, तींत सर्वांत कठोर शब्द आमचेच होते. तेव्हांपासून आम्हां दोघांत बोलणें होई तें कामापुरतें.

यंदा खताचीं पोतीं भरून पुण्याहून साताऱ्याकडे येत असतां खंबाटकीच्या चढावर त्यानें खालचा गियर घालण्यासाठीं क्लच दाबला, तों गियर पडेचना. नुसता दांतांचा करकराट. भरलेली गाडी मागें सरूं लागली. ब्रेकनें ती धरली आणि क्लीनरनें धांवत जाऊन चाकामागें दगड लावला, म्हणून निभावलें. घरीं त्यानें हें कोणासही सांगितलें नाहीं. आम्हांस कळलें तें क्लीनरच्या तोंडून. गाडी दुरुस्तीस गेली त्या दिवशीं आम्ही न बोलावतां मिस्त्र्याच्या दुकानीं जाऊन बसलों.

क्लच म्हणजे काय, हें आधीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे. इंजिनाच्या मागील टोंकास फ्लायव्हील नांवाचें जड चाक असतें. तें इंजिनाबरोबर सदैव फिरतें. त्याच्यासमोर गियरबॉक्समधून पुढें आलेला दांडा असतो. या दांड्यावर क्लचप्लेट ही दोन्ही अंगांस अस्तर लावलेली चकती बसते, आणि प्रेशरप्लेट आपल्या स्प्रिंगच्या जोरानें तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पाय उचलला कीं तीं तिन्ही एकजीव होऊन फिरतात; पाय दाबला कीं चकती सुटते व गियर बदलतां येतो. आम्हां संस्कृतवाल्यांच्या भाषेंत, पाय दाबला कीं विग्रह, उचलला कीं संधि.

मिस्त्र्यानें गियरबॉक्स उतरवून चकती बाहेर काढली व आमच्या डोळ्यांसमोर फिरवून दाखविली. तिच्या मध्यभागीं, जेथें खांचांत दांडा शिरतो, तेथें ती तिरपी झाली होती. दोन महिन्यांपूर्वीं वाटेवरच्या एका कारखान्यांत रातोरात क्लच बदलून घेतला होता. त्यावेळीं गियरबॉक्स पुरता जागेवर बसेना, तेव्हां तेथील कारागिरांनीं बोल्ट आवळून तो बळेंच ओढून घेतला. शंभर किलोंहून जड असा तो बोजा पातळ चकतीवर लोंबकळला आणि ती वांकली. वांकलेली चकती पाय दाबल्यावरही फ्लायव्हीलला घांसत राहते, दांडा फिरतच राहतो, आणि ऐन चढावर गियर पडत नाहीं.

मग नव्या जोडणीस आरंभ झाला. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव. म्हणून मिस्त्र्यानें हवेच्या झोतानें धूळ उडविली नाहीं, ओल्या फडक्यानें पुसून काढली. फ्लायव्हीलच्या मध्यावर पायलट बेअरिंग असतें, त्यांत दांड्याचें टोंक टेकतें; तें नवें घातलें. नव्या चकतीची सुलट बाजू पाहून घेतली. अस्तरास तेलकट बोट लागूं दिलें नाहीं. नंतर एका जुन्या गियरबॉक्समधून काढून ठेवलेला दांडा, ज्यास तो डमी शाफ्ट म्हणे, चकतींतून थेट पायलट बेअरिंगपर्यंत सरकविला, आणि त्याच्या आधारानें चकती मध्यावर धरून प्रेशरप्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे, फेरीफेरीनें आवळले. खरी मेख येथेंच आहे. बोल्ट आवळेपर्यंत चकती इकडेतिकडे सरकूं शकते. आवळल्यावर ती असेल तेथें चिमटली जाते. ती सूतभर जरी बाजूस राहिली, तरी दांड्याचें टोंक पुढें बेअरिंगमध्यें शिरत नाहीं.

डमी शाफ्ट काढून, दांड्याच्या खांचांस वंगणाचें निसटतें बोट लावून, गियरबॉक्स जॅकवर चढविला. तो सरळ आंत गेला आणि दोन बोटें अंतर राहून अडला. ऊन रणरणत होतें, पुतण्या घामाघूम झाला होता. न राहवून आम्ही म्हणालों, “एवढेंच तर उरलें आहे, बोल्ट लावून आवळून घ्या ना!”

मिस्त्री हंसला नाहीं. तो म्हणाला, “गुरुजी, असंच आवळलं होतं, म्हणून तर पोरगं घाटांत अडकलं.”

आम्ही गप्प झालों. त्यानें एक गियर घातला, मागील बाजूची फ्लँज पुतण्यास हातानें हळूहळू फिरवावयास सांगितली, आणि स्वतः जॅक किंचित् वर, किंचित् खालीं करीत, मधली फट चोहोंकडून सारखी आहे ना, तें पाहूं लागला. खांचा खांचांसमोर येतांच तो अवजड बोजा एका हाताच्या रेट्यानें पुढें सरकला व फट मिटली. मग त्यानें बोल्ट लावले. बसलेलें धरून ठेवणें एवढेंच बोल्टाचें काम, असें तो म्हणाला.

छत्तीस वर्षें आम्हीं शाळेंत मुलें शिकविलीं. जें मूल अडलें, त्यास आवळलें. पुतण्यासही तसेंच आवळून महाविद्यालयांत बसविलें होतें. तो कोठें अडतो आहे, हें एकदांही वांकून पाहिलें नव्हतें.

त्या सायंकाळीं आम्ही त्याच्या शेजारीं बसून घरीं आलों. घाटांत काय झालें, हें आम्हीं विचारलें व त्यानें सांगितलें. “मग घरीं बोलला कां नाहींस?” यावर तो म्हणाला, “काका, तुम्ही गाडी विकायला लावाल, असं वाटलं.” याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें, कारण आम्हीं तसेंच केलें असतें.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं क्लचची मोटार असेल, त्यांनीं चालवितांना पाय क्लचवर टेकवून ठेवूं नये. त्यानें अस्तर व बेअरिंग दोन्ही झिजतात. क्लच बदलतांना कारागिरास घाई करूं नये, आणि शक्य तर स्वतः उभें राहून पाहावें. आमचा पुतण्या आतां परगांवीं निघतांना कोणत्या वाटेनें जाणार, तें आम्हांस सांगून जातो. परतला कीं गियर कसे पडले, हेंही न विचारतां सांगतो.