खेड्यांतला डॉक्टर टिकेल कसा?

रयतेच्या पैशानें डॉक्टर शिकावा आणि शिकून होतांच त्यानें शहराची किंवा परदेशाची वाट धरावी, हें गरीब देशांचें जुनें दुखणें आहे. आफ्रिकेंतील मोझांबिक देशानें त्यावर केलेला उपाय आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंनीं समजून घेण्याजोगा आहे.

गोव्याप्रमाणें तेथेंही पोर्तुगिजांचें राज्य होतें. १९७५ सालीं तें गेलें आणि बहुतेक डॉक्टरही देश सोडून गेले. अडलेल्या बाळंतिणीचें पोट चिरून मूल काढणारा माणूस खेड्यांकडे मिळेनासा झाला. तेव्हां १९८४ पासून सरकारनें अनुभवी परिचारक व आरोग्यसेवक निवडून त्यांस तीन वर्षें शस्त्रक्रिया शिकविली आणि खेड्यांकडील दवाखान्यांत नेमलें.

पदवी नाहीं तो काय कापाकापी करणार? उत्तर कामानेंच दिलें. राजधानी मापुतो येथील अशा सुमारे २००० शस्त्रक्रिया तपासल्या, तेव्हां यांच्या व तज्ज्ञ डॉक्टरांच्या कामांत मोठा फरक दिसला नाहीं. ही तपासणी १९९६ सालीं प्रसिद्ध झाली.

मग टिकलें कोण? २००७ सालच्या पाहणींत आढळलें, कीं खेड्यांकडे नेमलेल्या डॉक्टरांपैकीं सात वर्षांनंतर एकही तेथें उरला नव्हता. या सहायकांपैकीं शेंकडा ८८ मात्र जागच्या जागीं होते!

याचा अर्थ डॉक्टर तेवढे स्वार्थी आणि हे तेवढे साधु, असा नव्हे. पदवीवाल्यास बाहेरचीं दारें उघडीं असतात, यांस तीं बंद होतीं. शिवाय यांचा पगार व मान डॉक्टरांहून कमीच राहिला आणि त्याबद्दल तक्रारीही झाल्या. दुसरी वाट नाहीं म्हणून जो राहिला, त्याच्या राहण्यास सेवा म्हणावें कीं वेठबिगार?

रयतेच्या करांवर वरिष्ठ वर्गांचें उच्च शिक्षण चालतें, ही तक्रार जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मांडली. तोच हिशेब आज दवाखान्याला लावा. आपल्या गांवच्या आशाताईला अद्याप वेतन नाहीं, नुसता मोबदला मिळतो!

तेव्हां मागणें सरळ आहे. आपल्याच मुलामुलींतून निवड करा, त्यांस पुरतें शिकवा. पण त्याबरोबर पुरा पगार, राहावयास घर आणि बढतीची वाटही द्या. मतें मागावयास जो दारीं येईल, त्यास बंधूंनीं व भगिनींनीं हें आधीं विचारावें.