मुलांच्या दातांवर डाग दिसले? आधी बोअरचे पाणी तपासा!

जाहीर आवाहन

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड आणि बीड जिल्ह्यांत हापशाचे किंवा बोअरचे पाणी पिणाऱ्या सर्व कुटुंबांना,

समोरच्या दातांवर चुन्यासारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग दिसले की पोराला पहिला प्रश्न ठरलेला: "दात घासत नाहीस का?" पण दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखेच आडवे पट्टे असतील आणि घासून जात नसतील, तर तो बहुधा फ्लोरोसिस, म्हणजे जादा फ्लोराईडचा दातांवरचा परिणाम आहे. त्यात पोराचा दोष नाही. खडकातली फ्लोराईडयुक्त खनिजे खोल भूजलात विरघळत राहतात. पाणी दिसायला नितळ असते, चवीतही काही कळत नाही.

कायमचे दात हिरडीबाहेर येण्याच्या कितीतरी आधी जबड्यात घडत असतात. वयाच्या साधारण आठव्या वर्षापर्यंत जादा फ्लोराईड पोटात गेले, तर दातांचे वरचे कवच, म्हणजे एनॅमल, सच्छिद्र राहते आणि पुढे त्यातच डाग धरतात. सहावीतल्या मुलीच्या दातांवर दिसते ते ती अंगणवाडीत असताना प्यायलेले पाणी. शरीर एनॅमल पुन्हा बनवत नाही. असेच पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर फ्लोराईड हाडांत साठून सांधे आखडतात.

एकाच हापशावरच्या दोन घरांत मात्र त्रास कमीजास्त दिसतो. जेवणात कॅल्शियम असेल तर बरेचसे फ्लोराईड त्याला बांधले जाते आणि शौचावाटे निघून जाते. रिकाम्या पोटी ते जवळजवळ सगळे रक्तात उतरते. मोठ्यांची मूत्रपिंडे त्यातले बरेच बाहेर टाकतात, पण वाढत्या मुलांची हाडे जास्त वाटा धरून ठेवतात. म्हणून ज्या ताटात दूध-दही नाही, तिथे तेच पाणी अधिक नडते.

आमची विनंती:

१. पिण्याच्या प्रत्येक स्रोताचे पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून घ्या. नमुना काचेच्या नव्हे, स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत भरा, त्यावर स्रोत व तारीख लिहा आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे द्या.

२. अहवालातला आकडा स्वतः वाचा. लिटरमागे १ मिलीग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. त्यापुढचे पाणी धुण्या-अंघोळीला वापरा. पिण्याला आणि स्वयंपाकाला नको.

३. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट दाट होते. कापडाने गाळूनही उपयोग नाही. तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत नागपूरच्या 'नीरी' या संशोधन संस्थेने विकसित केली आहे, पण तिचे प्रमाण जाणकाराकडूनच ठरवून घ्या. छपरावरचे पावसाचे पाणी नीट साठवले तर ते फ्लोराईडच्या दृष्टीने उत्तम.

४. बाळाला सहा महिने फक्त अंगावर पाजा. आई जादा फ्लोराईडचे पाणी पीत असली, तरी तिच्या दुधात ते अगदी थोडे उतरते.

५. मुलांच्या जेवणात दही-ताक, तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला, आणि जोडीला आवळा, पेरू, लिंबू ठेवा. याने पाणी शुद्ध होत नाही, पण शरीराला बळ मिळते.

६. फ्लोराईड आहे म्हणून टूथपेस्ट बंद करू नका, ती किडीपासून वाचवते. लहानग्यांना अगदी थोडी द्या आणि थुंकायला शिकवा. डाग काढायला राखुंडी, विटेचा चुरा किंवा ॲसिड लावू नका. डाग झाकण्याचे उपचार दंतवैद्याकडे आहेत.

येत्या ग्रामसभेत प्रत्येक वॉर्डातून एकाने तरी उठून विचारावे: आमच्या हापशाचा फ्लोराईडचा आकडा किती, आणि तो हापशावर रंगवून कधी लिहिणार? आकडा १.५ च्या वर असेल, तर पर्यायी पाण्याचा ठराव त्याच सभेत करून घ्या. आठ वर्षांखालच्या मुलांना पुढच्या सभेची वाट पाहणे परवडणारे नाही.

आपले,
तालुक्यातील दंतवैद्य, शिक्षक आणि आशाताई