बाजूला बसणाऱ्याचा टीव्ही

नवा मोठा टीव्ही घ्यायचा ठरला, तशी आमच्या कोर्समेट्सच्या ग्रुपवर सल्ल्यांची फैर झडली. कोणी पंच्याहत्तर इंचांच्या खाली उतरायला तयार नाही, तर कोणाचं ओएलईडीशिवाय पान हलत नाही. बघणार कोण आणि ते बसणार कुठे, हे मात्र एकानेही विचारलं नाही. माझ्या मते निवड तिथूनच सुरू व्हायला हवी.

सध्या मुक्काम चाकसूला. जयपूरहून टोंक रस्त्याने चाळीसेक किलोमीटर, शीतलामातेच्या जत्रेचं गाव. बायकोची नोकरी इथल्या शाळेत, म्हणून घर इथे. बैठकीची खोली बारा बाय चौदा, खिडकी पश्चिमेला. बघणारे म्हणजे आम्ही दोघं, बारावीतला मुलगा, थंडीत सांगलीहून येणारे वडील आणि खाली राहणारे घरमालक, निवृत्त सुभेदार. सामना असला की सुभेदार साबांची नातवंडं आणि गल्लीतली चार पोरं वर येतात. सोफा तिघांचा. बाकीचे सगळे बाजूला, कोणी जमिनीवर, कोणी वडिलांच्या खाटेच्या कडेवर.

फौजेत वाढलेल्या माणसाला यात नवल नाही. खडकवासल्याला पहिल्या टर्मच्या कॅडेटला अँटिरूममध्ये टीव्हीच्या समोर जागा मिळाली असेल, तर त्याने हात वर करावा. पुढे युनिटच्या रिक्रिएशन रूममध्ये तेच. 2 एप्रिल 2011 च्या रात्री धोनीचा षटकार आमच्या निम्म्या जवानांनी तिरकाच पाहिला, आणि तरी तो स्वच्छ दिसला. जुन्या डब्बा टीव्हीचं तेवढं एक बरं होतं, कोपऱ्यातल्यालाही समोरच्याइतकंच चित्र मिळायचं.

या मुलखाला तर टीव्ही आधी असाच भेटला. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर ‘साइट’चा प्रयोग चालला. नासाचा एटीएस-6 उपग्रह, सहा राज्यांतली सुमारे 2,400 गावं, प्रत्येक गावात एक सार्वजनिक संच. राजस्थान त्यात होतं, जयपूर जिल्हाही. महाराष्ट्रातल्या कित्येक तालुक्यांना टीव्ही ठाऊक नव्हता, तेव्हा इथली खेडी अंगणात बसून शेतीचे कार्यक्रम बघत होती.

आता दुकानात बघा. बहुतेक एलईडी टीव्हींत दोनपैकी एका जातीचं पॅनेल असतं. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद, रात्री दिवे मालवून सिनेमा बघायला झकास. पण जरा बाजूला सरका, रंग धुतल्यासारखे फिके पडतात. आयपीएसचा काळा थोडा करडा, पण कडेला बसलेल्यालाही हिरवळ हिरवीच दिसते. ओएलईडीत दोन्ही गुण आहेत. किंमतही तशीच आहे, आणि पश्चिमेच्या उन्हात त्याचा उजेड कमी पडतो. शिवाय धावफलकाची पट्टी तासन्‌तास एकाच जागी राहिली, तर कालांतराने तिचा डाग उमटण्याची भीती. आमच्याकडे कसोटी सामने पाचही दिवस चालतात, तेव्हा नकोच.

विक्रेता फुलं आणि धबधबे दाखवतो. संथ चित्र कुठल्याही टीव्हीवर सुंदरच दिसतं. त्याला सामना लावायला सांगा आणि चेंडू सीमारेषेकडे धावताना त्याची शेपटी निघते का ते बघा. मग दोन पावलं डावीकडे जाऊन पुन्हा बघा. खोक्यावरच्या ‘मोशन रेट’च्या आकड्याला भुलू नका, पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट विचारा. 120 असेल तर सिनेमाच्या सेकंदाला 24 चौकटी त्यात नेमक्या पाच पटीने बसतात. आणि चित्र गुळगुळीत करणारी सोय सिनेमाच्या वेळी बंद ठेवा. नाहीतर उत्तम सिनेमाही दुपारच्या मालिकेसारखा दिसतो.

आपल्या लोकांसाठी कॅन्टीनबद्दल थोडं. जानेवारी 2021 पासून एएफडीची खरेदी ऑनलाइन झाली, चकरा वाचल्या. पण 22 सप्टेंबर 2025 ला मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. कॅन्टीनला सवलत निम्म्या कराची, म्हणजे चौदा टक्क्यांचा फायदा नऊवर आला. सणासुदीला बाजारभाव बघितल्याशिवाय कॅन्टीनची ऑर्डर टाकू नका. निवृत्तांपैकी अनेक जण सवयीने टाकतात.

आमचं ठरलंय ते असं. पासष्ट इंची, आयपीएस, खिडकीला जाड पडदा. पंच्याहत्तरला न गेल्याने जे पैसे उरतील त्यांचा साउंडबार, कारण हल्लीच्या सपाट टीव्हीचा आवाज पातळ असतो आणि वडिलांना समालोचन ऐकू येत नाही. रात्री सिनेमाचा अंधार जरा करडा दिसेल. मुलगा त्यावर नाराज आहे, सिनेमाचा खरा शौकीन तोच. त्याला म्हटलं, जूनमध्ये तू हॉस्टेलला जाशील. तोवर मला तुझा टीव्ही नकोय, आपला हवाय. तो काही बोलला नाही, पण मोबाइल घेऊन आतल्या खोलीतही गेला नाही.

खोकं आणि थर्माकोल माळ्यावर ठेवायचं. पुढच्या बदलीला पॅनेल उभंच न्यावं लागतं, आणि ट्रकवाल्याला ते आडवं टाकायची फार घाई असते.