पाळकांचे शिक्षण रुग्णालयातही व्हावे



भावी पाळकांना रुग्णालयात पाठवल्याने बायबलच्या अभ्यासाचा वेळ वाया जातो, असे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे आहे. ते पटणारे नाही.

१९२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात अँटन बॉयसन यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात कामाला लावले. बॉयसन स्वतः पाळक होते आणि मनोरुग्ण म्हणून उपचारही घेऊन आले होते. त्याच वर्षी बोस्टनचे डॉक्टर रिचर्ड कॅबट यांनी धर्मशास्त्राच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष सरावाचे एक वर्ष असावे, अशी जाहीर मागणी केली.

रुग्णालयातील या प्रशिक्षणपद्धतीचा कणा म्हणजे देखरेख. विद्यार्थी रुग्णाशी झालेले बोलणे आठवून शब्दशः लिहितो; मार्गदर्शक आणि सहाध्यायी ते बारकाईने तपासतात. रुग्ण मरणाच्या भीतीविषयी बोलत असताना त्याला मध्येच तोडून प्रार्थना सुरू केली का, हे तिथे उघड होते. वर्गात ते कधीच दिसत नाही.

अमेरिकेत आज अशा प्रशिक्षणाच्या एका सत्राला किमान ४०० तास द्यावे लागतात. आपल्या सेमिनरींनीही पाळकीय दीक्षेपूर्वी निदान एक सत्र सक्तीचे करावे, आणि त्यासाठी प्रशिक्षित मार्गदर्शक आधी नेमावेत.

— एक वाचक, पुणे